पहिलं रिव्हॉल्व्हर

घरात स्वसंरक्षणासाठी पहिलं पिस्तूल कुठलं घ्यावं, हा प्रश्न मुंबईतल्या आमच्यासारख्या घरांत सहसा निघत नाही. यंदा तो निघाला. काढला माझ्या मामांनी, आणि विचारला मला, कारण आमच्या अख्ख्या गोतावळ्यात खरं हत्यार हातात धरलेली मी एकटीच. कॉलेजात एनसीसीत होते तेव्हा वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या नेमबाजीच्या रेंजवर जायला लागले आणि नोकरी लागल्यावरही बरीच वर्षं जात राहिले. अंजली भागवत, सुमा शिरूर या ऑलिम्पिकपर्यंत गेलेल्या नेमबाज याच रेंजवर घडल्या. मी त्यांच्या पासंगालाही पुरणारी नव्हते, पण एअर पिस्तूल आणि पॉइंट बावीस या दोन्हींशी माझी चांगली ओळख आहे, आणि त्या लाकडी कट्ट्यापाशी शिकलेली शिस्त अजून अंगात आहे.

मामा-मामी विलेपार्ले पूर्वेला राहतात. जुनी तीन मजली इमारत, पहिला मजला. विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या मार्गाखाली, येत असल्यामुळे उंचीवर मर्यादा, त्यामुळे बिल्डरचं गणित बसत नाही, आणि त्यामुळे पुनर्विकास कित्येक वर्षं 'आता होणारच' या अवस्थेत आहे. कंटाळून अर्धी बिऱ्हाडं निघून गेली. काहींनी घरं बंद ठेवली, काहींनी नुसतं सामान कोंबलंय. जिन्यातला दिवा गेला तर बदलायचा कुणी, यावर वाद होतात. पावसाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या मजल्यावरचं असंच एक बंद घर फोडलं. नेण्यासारखं फार नव्हतं, तर चोरांनी पितळी नळ, पंखे आणि खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम काढून नेलं. मामांना रात्री वरून ठोकल्याचा आवाज येत होता. ते दिवा न लावता पलंगावर बसून राहिले, मामींचा हात धरून. सकाळी सगळं कळलं.

या घटनेनंतर मामांची झोप उडाली. मला फोनवर म्हणाले, "चोरी झाली त्याचं काही नाही गं. मी बसून राहिलो." एकाहत्तर वर्षांच्या, आयुष्यभर बँकेत कॅश सांभाळलेल्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य मी विसरू शकत नाही. हत्याराची इच्छा बहुतेक वेळा इथूनच येते, आणि ती हसण्यावारी न्यायची नाही एवढं मी तेव्हाच ठरवलं. त्यांनी गांभीर्याने विचारलं होतं, मी गांभीर्याने उत्तर द्यायला बसले.

माझ्या आधी मामेभावाने उत्तर देऊन टाकलं होतं. तो डॅलसला असतो. टेक्सासमध्ये एकवीस वर्षं पूर्ण झालेला माणूस परवानाधारक दुकानात जातो, एक सरकारी फॉर्म भरतो, त्याची पार्श्वभूमी तपासली जाते आणि बऱ्याचदा त्याच दिवशी तो पिस्तूल घेऊन घरी येतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून तर तिथे पिस्तूल बाळगून फिरायलाही बहुतेकांना वेगळा परवाना लागत नाही. मामेभावाने वडिलांना सविस्तर सल्ला पाठवला: नाइन एमएम घ्या, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन असलेलं, हलक्या पॉलिमर फ्रेमचं, त्यावर छोटा दिवा बसवता येईल असं, आणि उशाशी बोटाच्या ठशाने उघडणारी पेटी. त्याच्या गावासाठी हा सल्ला चुकीचा नाही. तिथली घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून उभी केलेली असतात, गोळी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सहज जाते, म्हणून कुठली गोळी भिंतीपलीकडे कमी जाईल यावर ते लोक तासन् तास बोलतात. आमची पार्ल्याची भिंत विटांची. तिच्यातून पिस्तुलाची गोळी सहसा जाणार नाही, पण दगडी फरशीवर, लोखंडी ग्रिलवर आपटून ती कुठे वळेल ते सांगता येत नाही. आणि घराचा दरवाजा प्लायवूडचा. त्याच्या पलीकडे पाच फुटांवर समोरच्यांचा दरवाजा.

शिवाय नाइन एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे. .३८ आणि .४५५ सुद्धा. सैन्य-पोलिसांकडे जी काडतुसं चालतात ती सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. सामान्य माणसाच्या वाट्याला येतं ते मुख्यतः .३२. परदेशी हत्यार आयात करायची सोय सर्वसाधारण परवानाधारकाला कित्येक वर्षांपासून नाही, त्यामुळे दुकानात दिसणारी जुनी वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन ही हातोहात फिरलेली असतात आणि त्यांच्या किमती ऐकून माणूस चक्रावतो. नवीन म्हटलं की नाव निघतं कानपूरचं. आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्व्हर, मधोमध मोडून भरायचं, सहा गोळ्यांचं, जुन्या वेब्लीच्या धाटणीचं. २०१४ मध्ये तिथूनच 'निर्भीक' आलं, बायकांसाठी म्हणून, अर्धा किलो वजनाचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. मामी वर्तमानपत्रातली तेव्हाची बातमी विसरल्या नव्हत्या. "एवढ्यात तेव्हा चार तोळे आले असते," म्हणाल्या.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पहिलंच हत्यार असेल, वय झालेलं असेल, सराव कमी असणार हे दिसत असेल, तर रिव्हॉल्व्हर. पिस्तुलात गोळी नळीत चढवण्यासाठी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचावी लागते. ती स्प्रिंग ताठ असते. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला ती अर्धवट खेचली जाते आणि गोळी अडकते. अडकलेली गोळी काढणं हे हाताला सवय असलेल्याचं काम. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिस्तुलाचं मॅगझिन काढलं की अनुभव नसलेल्या माणसाला वाटतं हत्यार रिकामं झालं. नळीत एक गोळी बसलेली असते. साफ करताना गोळी सुटल्याच्या कितीतरी अपघातांमागे ही एकच गोळी असते. रिव्हॉल्व्हर उघडलं की गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांसमोर येतात. भरलेलं आहे की नाही यात शंका राहत नाही. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं.

पण त्यालाही खोडी आहेतच. घोडा, म्हणजे मागून काडतुसावर आपटणारा भाग, आधी मागे न ओढता नुसता चाप दाबून गोळी झाडायची तर चाप लांब आणि जड लागतो, आणि तो ओढता ओढता नळी खाली किंवा बाजूला जाते. नवख्याची पहिली गोळी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात का जाते, त्याचं कारण हेच. घोडा आधी ओढून ठेवला तर चाप इतका हलका होतो की घाबरलेल्या बोटाला त्याचा भरवसा देता येत नाही. हलकं हत्यार बाळगायला बरं वाटतं, पण जेवढं हलकं तेवढा झटका जास्त. मुठीचा आकार हाताला बसला पाहिजे, चापावर बोटाचं पहिलं पेर आलं पाहिजे, त्यासाठी मनगट वाकवावं लागता कामा नये. दुकानात हत्यार बघताना चकाकी बघू नये, हे बघावं. आणि जुन्या घडणीची कित्येक रिव्हॉल्व्हरं अशी असतात की घोडा थेट गोळीच्या बुडावर टेकलेला असतो. हातातून पडलं, घोड्यावर आपटलं, की सुटू शकतं. म्हणून जाणती माणसं घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात, सहाच्या हत्यारात पाचच भरतात. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूच्या आपल्या घरी अभिनेता गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. ती बातमी मी मामांना पुन्हा वाचून दाखवली. घरात दुसरं कुणी नव्हतं, भांडण नव्हतं, चोर नव्हता. माणूस प्रवासाला निघाला होता.

मामांनी हे सगळं वहीत टिपून घेतलं. बँकेतली सवय. खाली रेघ मारली आणि लिहिलं, "रिव्हॉल्व्हर. कानपूर. पाच गोळ्या." मग विचारलं, "परवान्याचं कसं?"

परवाना मुंबईत पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत. अर्ज नमुना ए-१ मध्ये, ऑनलाइन भरायचा. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. एकवीस वर्षांखालच्याला नाही. हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, डॉक्टरचा दाखला लागतो, त्यात मानसिक स्वास्थ्याचाही विचार असतो. मग स्थानिक पोलीस ठाण्याची चौकशी: तुम्ही कोण, गुन्हे आहेत का, आणि मुख्य म्हणजे हत्यार कशासाठी. हा परवाना मागितला की मिळतो असं नाही. धोका तुमच्याच जिवाला आहे हे पटवून द्यावं लागतं, आणि 'इमारतीत चोरी झाली' हे कारण शहरातला प्रत्येक माणूस सांगू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली. काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. इथेच माझं मन अडतं. चाप नीट ओढायला शिकण्यासाठी माणसाला शेकडो गोळ्या झाडाव्या लागतात. रेंजवर एका सकाळी मी जेवढ्या झाडत असे, तेवढ्या सामान्य परवानाधारकाला जपून जपून कितीतरी दिवस पुरवाव्या लागतात. म्हणजे घरात हत्यार येतं आणि हात कच्चाच राहतो.

परवाना मिळाला तरी निवडणूक आली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. सरसकट सगळ्यांची हत्यारं घेऊ नका, छाननी करा, असं न्यायालयाने सांगितलेलं आहे, पण नोटिसा निघतात. २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली. मामांना हे ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, सावंतवाडीच्या बाजूला गावी ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. मतदानाच्या आधी आजोबा ती खांद्याला लावून ठाण्यावर द्यायला जात आणि निकालानंतर परत आणत, हे मामांनी लहानपणी पाहिलेलं. त्या बंदुकीला मात्र रोजचं काम होतं. माकडं नारळ पाडत, डुकरं भात उकरत, आणि आठवड्यातून एखादा बार काढावाच लागे. आजोबांचा हात तिच्यावर बसला होता तो त्यामुळे. तरीही त्या भागात शिकारीला गेलेल्यांनी झुडपात हललेलं डुक्कर समजून सोबतच्यालाच गोळी घातल्याच्या बातम्या अजून येतात. अंधार, हालचाल, घाई. सवयीच्या हातांकडून हे होतं.

कायद्याचा आणखी एक भाग मामांना सांगणं भाग होतं. आपल्याकडे स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि तो लेचापेचा नाही. आधी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून कुणी आत शिरलं तर मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो, असं त्यात लिहिलेलं आहे. पण बचावापुरती जेवढी इजा गरजेची तेवढीच, त्याहून जास्त नाही, हे त्याच कलमांत आहे. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का, हेही बघितलं जातं. चोर पाठ फिरवून जिन्याकडे धावला आणि तुम्ही मागून गोळी घातली, तर पुढची कित्येक वर्षं कोर्टात तुम्हाला त्या एका क्षणाचा हिशेब द्यावा लागेल. वरच्या मजल्यावर नळ काढणाऱ्या माणसावर तर गोळी झाडायचा प्रश्नच येत नाही. मामा गप्प झाले. त्यांच्या डोळ्यांसमोर तीच रात्र होती, आणि त्या रात्री रिव्हॉल्व्हर असतं तर नेमकं काय केलं असतं, हे त्यांना सांगता येईना.

मग मी त्यांना अमेरिकेतलेच आकडे दाखवले, कारण सल्ला तिथूनच आला होता. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी वर्षानुवर्षं पाहिल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत स्वतःच्या हाताने गोळीने मरण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळपास आठपट होतं. बायकांत पस्तीसपटीहून जास्त. २०२२ मध्ये त्यांनीच दुसरी गोष्ट दाखवली: ज्यांच्याकडे स्वतःचं हत्यार नाही पण जे हत्यारवाल्याबरोबर एका घरात राहतात, त्यांचा खून होण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तर सातपट. त्या मेलेल्यांत बहुसंख्य बायका.

"ती अमेरिका आहे," मामा म्हणाले.

मुंबईचंच सांगते, म्हटलं. २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर नानावटी, बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा खटला. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, हायकोर्टाने आणि नंतर सुप्रीम कोर्टाने दोषी ठरवलं, त्यावर पिढ्यान् पिढ्या बोलत आल्या. मला त्या निकालपत्रातला एक बारीक तपशील फार लागतो. नानावटी जहाजावर गेले आणि शस्त्रागारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. कारण काय दिलं? रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय. म्हणजे स्वसंरक्षण. पुढे त्यांनीच कोर्टात सांगितलं की खरा विचार स्वतःला गोळी घालून घेण्याचा होता. आणि दुपारी ते हत्यार नेपियन सी रोडजवळच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्याच माणसाच्या अंगावर तीनदा सुटलं. एकाच दिवसात एका हत्याराला तीन कारणं. नोंदवहीत लिहिलेलं, मनातलं, आणि घडलेलं. दुसरं उदाहरण मामांना माझ्याहून जास्त आठवतं. २२ एप्रिल २००६ च्या सकाळी वरळीच्या राहत्या घरात प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या, परवान्याच्या .३२ पिस्तुलातून. ३ मे रोजी ते गेले. परवाना देताना कुणीही विचारू शकेल असा कुठलाच प्रश्न या दोन दिवसांना अडवू शकला नसता.

मामींनी चहाचे कप उचलले आणि पहिल्यांदाच सरळ विचारलं, "ठेवणार कुठे ते?"

हा प्रश्न खरं तर मी सगळ्यात आधी विचारायला हवा असं मला रेंजवर शिकवलेलं. हत्यार निवडताना घरापासून सुरुवात करायची. घर साडेचारशे फुटांचं. स्वयंपाकघर, हॉल, आतली खोली, मधे चिंचोळा पॅसेज. पोळ्यांना बाई येते, भांड्यांना दुसरी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आत येऊन कपडे पलंगावर ठेवतो. दिवाळीत लहान मुलं येतात आणि ती सगळे खण उघडतात. हत्यार कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, हा नियम अशा घरात पाळायचा तर जागा एकच: आतल्या खोलीतलं गोदरेजचं कपाट. चोर घरात शिरला की पहिलं काय उघडतो? तेच. घरफोड्या मे महिन्यात नाहीतर गणपतीत, माणसं गावी गेली की होतात. मामा-मामीही गणपतीला गावी असतात. मग ते हत्यार चोराच्या हातात जाणार आणि त्याचा पुढचा प्रवास मामांच्या नावावर.

मी त्या रात्री तिथेच राहिले. मामांना म्हटलं, एकदा करून बघू. कपाटाच्या लॉकरमध्ये त्यांचा जड टॉर्च ठेवला. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून सहा पेन्सिल सेल. दिवे घालवले. मामींनी मोबाइलवर घड्याळ लावलं. मी बाहेरून दाराची कडी खडखडवली. मामा उठले. आधी चष्मा, तो रेडिओमागे. मग चप्पल, कारण फरशी थंड आणि पायाला डायबेटिसची काळजी. चावी आरशामागच्या खिळ्यावर. कपाटाची मूठ करकरली, तो आवाज मला दाराबाहेर ऐकू आला, म्हणजे चोरालाही आला असता. ड्रॉवरचं कुलूप अंधारात सापडेना. सेल हातात घेताना एक खाली पडला आणि पलंगाखाली गेला. पलंगाशी वाकलेले मामा दिसले आणि मी दिवा लावला. दोन मिनिटं होऊन गेली होती. त्यांच्या मानेवर घाम होता.

चष्म्याचीही गोष्ट आहे. नेम धरताना हत्यारावरची मागची साइट (खाच), पुढची साइट (टोक) आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट बघू शकतो. शिकलेला माणूस पुढच्या साइटवर नजर ठेवतो, लक्ष्य धूसर राहू देतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, जवळचं दिसायला वेगळा चष्मा लागणाऱ्या माणसाला अंधारात हे जमायचं नाही. पहिली गोळी सुटल्यावर तर त्या छोट्या खोलीत कानठळ्या बसतील. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. रेंजवर आम्ही कान झाकल्याशिवाय उभं राहत नसू.

"मग उशाशी ठेवलं तर? भरूनच?" मामांनी विचारलं. त्यांचा प्रश्न तर्काला धरून होता. कुलपातलं हत्यार वेळेवर मिळत नाही, वेळेवर मिळणारं कुलपात नसतं. मोठ्या घरात, दोन दरवाजे आणि लांब जिना मधे असेल तर यातून वाट काढता येते. साडेचारशे फुटांत मला वाट दिसत नाही.

आम्ही झोपलो. माझा मुलगा मामांकडेच राहतो. आम्ही बदलापूरला, त्याचं कॉलेज पार्ल्यात आणि संध्याकाळी अंधेरीला एका स्टुडिओत एडिटिंग शिकतो. उशीर झाला की शेवटच्या लोकलने येतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर दारात किल्ली फिरली. अगदी हळू, कारण आजी-आजोबांची झोपमोड होऊ नये हे मीच त्याला बजावलेलं. बूट बाहेर काढले. दिवा लावला नाही. हाताने भिंत चाचपत तो पॅसेजमधून पुढे आला. मी आतल्या खोलीत खाली गादीवर होते आणि मला पलंगावरचे मामा दिसत होते. ते उठून बसले होते. चष्मा नव्हता. श्वास रोखलेला. उजवा हात उशाजवळच्या टॉर्चवर गेला होता आणि तो त्यांनी दाराच्या दिशेने धरला होता.

मी हाक मारली. पोराने "मीच आहे" म्हटलं आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. मामा बराच वेळ तसेच बसून होते. मी त्यांना काही बोलले नाही, ते मला काही बोलले नाहीत.

लक्ष्य ओळखल्याशिवाय आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही. हत्यार कायम भरलेलंच आहे असं समजायचं. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी कधीही करायची नाही. वरळीला पहिल्या दिवशी हे पाठ करून घेतलं होतं, तेव्हा ते कागदी लक्ष्यांसाठी आहे असं वाटायचं. पार्ल्याच्या त्या घरात रात्री आवाज न करता दार उघडणारा माणूस माझा मुलगा आहे. पॅसेजमध्ये दिवा न लावता चालणारी दुसरी व्यक्ती मामी, त्या बाथरूमला उठतात. वर्षातल्या जवळपास प्रत्येक रात्री अंधारातली आकृती या दोघांपैकीच कुणीतरी असणार.

पण भीती खरी आहे, आणि नुसतं 'हत्यार नको' म्हणून ती जात नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यासाठी बसलो. मामांना खरं तर हवी होती ती दोन मिनिटं: जाग आल्यापासून मदत येईपर्यंत कुणी आत न येण्याची. ती दारातून मिळवायची असतात. प्लायवूडच्या दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर, आतून तीन बाजूंनी जाणारे बोल्ट. पीप-होल मामींच्या उंचीला. पॅसेजमध्ये माणूस चालला की आपोआप लागणारा दिवा. त्याने मुलाची अडचण होईल, होऊ दे. मुलाने स्टेशनवर उतरल्यावर फोन करायचा, मामांनी मोबाइल उशाशी ठेवायचा, ११२ पहिल्या बटणावर. ज्येष्ठांची नोंद स्थानिक पोलीस ठाणं ठेवतं, ती मी करून आले. बीटवरचा हवालदार नंतर घरी येऊन चहा पिऊन गेला आणि मामांना त्याचं नाव-नंबर असलेला कागद देऊन गेला. मामांनी तो कागद फ्रिजवर लावला, वहीत नाही. सोसायटीच्या सभेत बंद घरांच्या मालकांकडून वॉचमन आणि जिन्यातल्या दिव्यांचा खर्च घ्यायचा ठराव मामांनीच मांडला, आणि मांडताना ते जे बोलले त्यात त्या रात्रीचा बसून राहिलेला माणूस कुठेही नव्हता.

एवढं होऊनही ए-१ चा अर्ज त्यांनी भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. मी त्यांना अडवणार नाही. हक्क त्यांचा आहे, कायदा त्यांना अर्ज करू देतो, आणि निर्णय घेण्याइतकी त्यांची बुद्धी शाबूत आहे. माझं म्हणणं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. परवाना आला तर हत्यार निवडायला मी सोबत येईन, रेंजवर महिन्यातून एक रविवार मी त्यांना घेऊन जाईन, आणि मन उदास झालं, झोप जायला लागली, तर त्यांनी किंवा मामींनी मला फोन करायचा आणि ते हत्यार त्याच दिवशी परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायला द्यायचं, कारण न विचारता. आणि हत्यार घरात येईल त्या दिवशी माझा मुलगा तिथून निघेल. रुसून नाही. तो हळू दार उघडतो म्हणून.

मामांनी ऐकून घेतलं. अजून उत्तर दिलेलं नाही. सेफ्टी डोअरवाला गुरुवारी माप घ्यायला येतोय.